टोचन नको, आधी हाताने फिरवा

नव्याने बांधलेलं डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू करायची वेळ येते, तेव्हा अंगणात जमलेल्या प्रत्येकाला त्यातलं काहीतरी कळत असतं. कोणी म्हणतो बॅटरी कमजोर आहे, कोणी म्हणतो लाइनमधली हवा काढली नाही, आणि एकजण हमखास दोर घेऊनच आलेला असतो. दुसरा ट्रॅक्टर पुढे लावायचा, टोचन करायचं, गिअर टाकून क्लच सोडायचा, झालं! भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हा दोरवाला भेटेल. माणूस मनाचा चांगला असतो, वेळेला धावून येतो. या महिन्याचं पान खास त्याच्यासाठी.

आमच्या घरी जुना बी-२७५ आहे. तरुण वाचकांना हे नाव माहीत नसेल. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. चार सिलिंडर, साधारण ३५ अश्वशक्ती. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण आमच्याकडचे म्हातारे शेतकरी अजूनही या ट्रॅक्टरला ‘इंटरनॅशनल’च म्हणतात. आमचा ट्रॅक्टर अब्बांनी १९८२ साली जुनाच विकत घेतला होता. अब्बा गेले, ट्रॅक्टर राहिला. दरवर्षी चिखलणीला लोखंडी चाकं लावून तो बांध्यांमध्ये उतरायचा. दोन वर्षांपूर्वी धूर फार मारू लागला, मोबिल पिऊ लागला आणि मग उभाच राहिला.

भाईजाननी यंदा उन्हाळ्यात त्याचं फुल इंजिन काम करून घ्यायचं ठरवलं. त्या पैशांत जुना पण चालता ट्रॅक्टर मिळाला असता असं भाभीचं म्हणणं होतं, आणि हिशेबाने ते बरोबरही होतं. पण अब्बांचा ट्रॅक्टर भंगारात द्यायला अम्मी तयार नव्हत्या. शहरातल्या एका गॅरेजला इंजिन दिलं. तिथे ज्या मुलाने ते बांधलं तो माझा जुना विद्यार्थी. आठवीत त्याला अपूर्णांक येत नव्हते. आज तो इंचाच्या हजाराव्या भागात बोलतो. या हजाराव्या भागाला मिस्त्री लोक ‘थाउ’ म्हणतात. पुढे हा शब्द बऱ्याचदा येईल.

आषाढात इंजिन ट्रॅक्टरवर बसलं. लाल रंग, नवे पाइप, नवी बॅटरी. सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं, हुंकार दिला आणि थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बॅटरीची तार हाताला गरम लागू लागली. वाफ्यात पऱ्हे २४ दिवसांचे झाले होते. धानाची रोवणी २१ ते २५ दिवसांच्या रोपांनी साधावी असं सांगतात. त्यानंतर जसजसा उशीर होतो तसतसे फुटवे कमी येतात. म्हणजे घाई खोटी नव्हती. दोरवाला आला होताच. भाईजान गॅरेजच्या नावाने बोटं मोडत होते आणि उरलेले पैसे आता देणार नाही म्हणून सांगत होते. तो मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

अम्मींनी मामूंना फोन केला. मामूंचं सगळं आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण कान शाबूत आहेत. आल्यावर त्यांनी चहा घेतला, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि इंजिनाला हात न लावता मला म्हणाले, “तुझ्या शाळेचं ते विजेचं मीटर घरी आहे का?” मल्टिमीटर माझा स्वतःचा आहे, विज्ञानाच्या तासाला मी तो नेते. तो आणला.

इथून पुढचं जरा सावकाश सांगते, कारण जड फिरणारं इंजिन तपासायची ही पद्धत ट्रॅक्टरलाच नाही, विहिरीवरच्या डिझेल पंपाला आणि धानाच्या गिरणीच्या इंजिनालाही लागू पडते.

पहिला प्रश्न असा की, इंजिन जड आहे की त्याला फिरवणारा हात कमजोर आहे? फिरवणारा हात म्हणजे सेल्फ, बॅटरी आणि त्यांच्या तारा. बॅटरीवर मीटर लावलं तेव्हा १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ मारताना १०.४ झाले, तेही ठीक. मग मामूंनी मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थ बाजूच्या टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडाला लावायला सांगितली. सेल्फ मारताना तिथे २.१ व्होल्ट आले. ही दोन टोकं जाड तारेने जोडलेली असतात. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको. दोन व्होल्ट दिसतात म्हणजे तेवढे परतीच्या वाटेवरच खर्च होत आहेत. अर्थची तार जिथे कसली होती तिथे खाली नवा लाल रंग होता. रंग वीज नेत नाही. कानसने रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, तार पुन्हा कसली. आता आकडा ०.२ आला.

सेल्फ मारला. इंजिन पूर्ण फिरू लागलं, जरा जोरातही. टाळ्या पडल्या. भाईजाननी नोझलच्या पाइपांचे नट कसायला सुरुवातही केली.

मामू मात्र मीटरकडे बघत होते. सेल्फ मारताना बॅटरीवर आता ९.२ व्होल्टच दिसत होते, आधीपेक्षा कमी. वाट मोकळी झाल्यावर सेल्फने बॅटरीतून जास्त वीज ओढली आणि तरीही इंजिन चालू होण्याइतक्या वेगाने फिरलं नाही. मामू म्हणाले, “तार सुधरी है, इंजन नहीं.”

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. हवा हळू दाबली तर उष्णता लायनरच्या भिंतींत निघून जाते आणि काही झिरपूनही जाते. म्हणून डिझेल इंजिन सावकाश फिरवून चालू होत नाही, जोर हवाच. त्यामुळे दोरवाल्याचा मुद्दा वरवर बिनचूक वाटतो: सेल्फ जोर देत नाही ना, मग मी देतो.

पण सेल्फ आणि टोचन यांत एक मोठा फरक आहे. आत काही अडकलं असेल तर सेल्फ हार मानतो. टोचन हार मानत नाही. मागे दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर, त्याची चाकं जमिनीला धरून फिरणार, पुढे दुसरा ट्रॅक्टर ओढणार. या सगळ्यांत हार मानणारी एकच जागा उरते ती म्हणजे बेअरिंगच्या पत्तीवरचा मऊ धातूचा पातळ थर. तो घासला गेला की क्रँकवर ओरखडे. आमचा क्रँक आधीच एकदा १० थाउ आणि यंदा २० थाउपर्यंत ग्राइंड झालेला. प्रत्येक ग्राइंडिंगला तो बारीक होतो आणि त्या मापाच्या पत्त्या मिळतात तोवरच त्याचं आयुष्य. या जुन्या मॉडेलचा नवा क्रँक शोधायचा म्हणजे भंगार बाजार पालथे घालायचे. मामूंनी दोर गुंडाळून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला. दोरवाल्याला ते आवडलं नाही, पण चहा घेऊन तो शेवटपर्यंत थांबला.

मग चारही नोझल काढले. हे दोन कारणांसाठी. नोझल काढल्यावर हवा दाबली जात नाही, त्यामुळे दाबाचा जडपणा वेगळा होतो आणि उरतो तो फक्त घासण्याचा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझलच्या भोकातून ते सरळ बाहेर पडतं. आमच्या इंजिनातून काही निघालं नाही. (नोझल बाहेर काढून फवारा बघायची अनेकांना सवय असते. तो फवारा हातावर घेऊ नका. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत जातं. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि बोट गमवायची पाळी येते.)

समोरच्या पुलीच्या नटाला सॉकेट आणि त्याला दोन फुटी दांडा लावला. भाईजाननी ओढला, म्हणाले जड आहे. मुलाने ओढला, म्हणाला नव्या इंजिनाच्या मानाने ठीक आहे. दोघेही प्रामाणिकपणे बोलत होते, पण दोघांच्या दंडात फरक होता. मामूंनी दुकानातला पन्नास किलोचा हुकाचा काटा मागवला. शाळेत आम्ही ज्याला तानकाटा म्हणतो तोच. दांड्याच्या टोकाला हुक अडकवून ओढायचं आणि इंजिन हलतं असताना काटा वाचायचा. हलायच्या क्षणी काटा जास्त दाखवतो, तो आकडा धरायचा नाही. थांबलेल्या वस्तूला हलवायला नेहमीच जास्त जोर लागतो. पुलीवर मी खडूने बारा खुणा केल्या, घड्याळासारख्या, आणि प्रत्येक खुणेचा आकडा वहीत लिहिला.

बहुतेक खुणांवर काटा २०-२२ किलो दाखवत होता. दोन खुणांवर, एकमेकींच्या बरोबर समोरच्या, तो १६ वर येत होता. वही मामूंना दाखवली. त्यांनी त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, रिंग नाही, बेअरिंग आहे.

मला हे आधी कळलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. चार सिलिंडरच्या या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर असतात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली असतात. म्हणजे एका फेऱ्यात दोन क्षण असे येतात की चारही पिस्टन एकाच वेळी आपापल्या टोकाला पोहोचून थबकतात. दांडा थोडा फिरला तरी त्या क्षणी पिस्टन जागचा हलत नाही. पिस्टन हलत नाही तर रिंगा लायनरवर घासत नाहीत. म्हणून जडपणा रिंगांचा असेल तर त्या दोन जागी दांडा जवळजवळ सैल लागायला हवा. आमच्याकडे त्या दोन जागीही १६ किलो. रिंगा वर्षाव करत होत्या तो पाच-सहा किलोंचा; बाकी ओझं फिरणाऱ्या दांड्याचं होतं, आणि तो दांडा म्हणजे क्रँक. माझ्या मते अंगणात त्या दिवशी घडलेली ही सर्वांत सुंदर गोष्ट. हे कुठल्या पुस्तकातलं मी मुलांना शिकवलेलं नाही, पण यंदा शिकवणार आहे.

आकडे सगळीकडे सारखेच जड होते, हेही उपयोगी पडलं. क्रँक वाकलेला असता तर फेऱ्यात एका जागी फार जड आणि समोर हलकं लागलं असतं. टायमिंगचे दात चुकले असते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असते तर जड न लागता एका जागी ठक्‌ करून थांबलं असतं. पंख्याचा पट्टा काढला, आकडा तोच. म्हणजे डायनामो आणि पाण्याचा पंप सुटले. क्लच दाबून धरला, आकडा तोच, गिअरबॉक्सही सुटला. ही सगळी दहा मिनिटांची कामं. बिनखर्चाची कामं आधी करायची आणि पाना लावायचं काम शेवटी, इतकंच मामूंचं धोरण.

आता चेंबर उघडायचं होतं. मामूंनी पाना त्या मुलाच्या हातात दिला. भाईजान म्हणाले, त्यानेच बिघडवलं, तोच कशाला खोलेल? मामू म्हणाले, त्याने बांधलंय, त्याच्या समोर आणि त्याच्याच हाताने खुलेल. नाहीतर आत जे सापडेल ते आपण ठेवलं असंही तो म्हणू शकेल आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही. भाईजान गप्प बसले. मला विचाराल तर त्या मुलाच्या चेहऱ्यावर रंग परतला तो इथे.

ट्रॅक्टरचा पुढचा भाग ठोकळ्यांवर पक्का टेकवून, मोबिल स्वच्छ पातेल्यात काढून, चेंबर खाली घेतलं. सावकाश काम होतं. तेवढ्या वेळात क्रँक आणि बेअरिंग यांचं नातं काय असतं ते सांगते, कारण ‘घट्ट म्हणजे मजबूत’ ही समजूत इथेच घात करते.

क्रँकच्या गोल मानेभोवती दोन अर्धगोल पत्त्या असतात, एक वर इंजिनाच्या अंगात आणि एक खाली कॅपमध्ये. पत्ती आणि मान यांच्यात जागा लागते. साधारण हिशेब असा की मानेच्या जाडीच्या दर इंचाला एक थाउ. अडीच इंचाची मान असेल तर अडीच थाउ, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही थोडी कमी जागा. तेवढ्या फटीत मोबिल असतं आणि चालू इंजिनात क्रँक पत्तीला टेकतच नाही, मोबिलवर तरंगतो. हे माणसाला कळलं त्याची गोष्ट गमतीदार आहे. इंग्लंडात बोचॅम्प टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या वर भोक पाडलं, तर चालू यंत्रात त्या भोकातून तेल उलटं बाहेर येऊ लागलं. त्यांनी लाकडी बूच ठोकलं. तेलाने बूच बाहेर ढकललं. दाब मोजायला मीटर लावलं तर काटा मीटरच्या पलीकडे गेला. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून स्वतःखाली गादी करतो, हे त्यातून दिसलं. हे १८८३ सालचं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. ती गादी बनायला जागा नसेल तर उरतं ते धातूवर धातू.

चेंबर उतरल्यावर पद्धत सोपी. सगळ्या कॅप एकदम सोडायच्या नाहीत. एक कॅप थोडी सैल करायची, काटा ओढून आकडा घ्यायचा, ती परत कसायची, मग दुसरी. जिच्यामुळे आकडा पडेल ती दोषी. आधी कनेक्टिंग रॉडच्या चार कॅप झाल्या. आकडा एखाद्या किलोने इकडे तिकडे. मग पुढची मेन, फरक नाही. मधली मेन सैल केली आणि दांडा ओढणारे भाईजान मागे पडता पडता वाचले. काटा ८-९ किलोवर आला होता.

मधली कॅप बाहेर काढली. पत्तीच्या एकाच काठावर चकचकीत घासलेला पट्टा होता, बाकी पत्ती जशीच्या तशी. मामूंनी टॉर्च मारून इंजिनाच्या अंगातली खाच दाखवली. प्रत्येक पत्तीला एक छोटी जीभ असते आणि ती या खाचेत बसते. वरची आणि खालची खाच एकाच बाजूला, समोरासमोर यायला हव्या. इथे एक डावीकडे होती, दुसरी उजवीकडे. कॅप उलटी बसली होती.

इतक्याने काय होतं, असं वाटेल. कॅप दिसायला दोन्ही बाजूंनी सारखीच असते आणि बोल्टही बसतात. पण कारखान्यात कॅप कसून मगच ते गोल भोक एकाच वेळी पाडलेलं असतं. ते भोक बोल्टांच्या बरोबर मध्यावर असतंच असं नाही, एक-दोन थाउ इकडे तिकडे असतं. कॅप उलटी केली की वरचा अर्धगोल एका बाजूला आणि खालचा दुसऱ्या बाजूला सरकतो. मुळात फटच दोन-अडीच थाउची. काठावर ती संपते. म्हणून प्रत्येक कॅपवर आकडा आणि दिशा ठोकलेली असते, आणि म्हणूनच एका इंजिनाची कॅप दुसऱ्याला चालत नाही.

मग मुलगा बोलला. या कॅपवर कारखान्याचा आकडा घासून गेलेला आणि दोन्ही अंगांना पंचाचा एक-एक ठिपका होता, कुठल्यातरी जुन्या मिस्त्रीने पूर्वी कधी खोललं तेव्हाचा. त्याने नव्यासारखा दिसणारा ठिपका खरा मानला. ‘खाचा बघायच्या’ हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कसल्यावर क्रँक जड लागतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याने गॅरेजमधल्या मोठ्या मिस्त्रीला विचारलंही होतं. उत्तर मिळालं: “नया इंजन है, टाइट तो रहेगाच.” त्यावर पुन्हा विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने आपली वही दाखवली. चारही पिस्टनच्या रिंगांची टोकांमधली फट त्याने लायनरमध्ये घालून फिलर गेजने मोजून लिहिली होती, १२ ते १४ थाउ. सव्वातीन-साडेतीन इंचाच्या बोअरला ती बरोबर आहे. ज्याला कामचोरी करायची आहे तो बारा रिंगांची फट मोजून वहीत लिहीत बसत नाही. मामूंनी वही पूर्ण वाचली आणि भाईजानच्या हातात दिली, काही बोलले नाहीत.

‘नवं आहे, टाइट राहणारच’ हे वाक्य अर्धं खरं असतं म्हणूनच नडतं. नव्या रिंगा आणि नवे लायनर घासून एकमेकांत बसेपर्यंत इंजिन थोडं जड राहतंच. काही जुन्या इंजिनांत मागच्या बाजूला दोरीचा सील असतो, तोही सुरुवातीला धरून ठेवतो. पण तो जडपणा एकसारखा आणि मऊ असतो, आणि टोकाच्या त्या दोन जागी हात सैल पडतो. क्रँक कसताना तर पिस्टन टाकायच्या आधी, एकेक मेन कसून झाली की क्रँक हाताने फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तिथेच थांबायचं, वर सगळं इंजिन बांधून नाही.

जमलेल्यांपैकी एकाने आणखी एक इलाज सुचवला: कॅप थोडी घासून घ्या किंवा कॅपखाली पत्र्याची चकती घाला, सैल होईल. हे आपल्याकडे सर्रास करतात. मामू पहिल्यांदाच चिडले. पत्तीची लांबी अर्धगोलापेक्षा किंचित जास्त ठेवलेली असते, म्हणजे कॅप कसली की पत्ती दाबून जागच्या जागी घट्ट बसते. चकती घातली तर तो दाब जातो, पत्ती आत फिरू लागते, मोबिलचं भोक झाकलं जातं आणि मग क्रँक जातो. घासली तर भोक गोल राहत नाही. दोन्ही इलाज पहिले पंधरा दिवस चांगले वाटतात.

क्रँकच्या मानेवर नख फिरवून पाहिलं. ओरखडा नव्हता, फक्त एक रेघ चमकत होती. टोचन केलं असतं तर ती रेघ राहिली नसती. मधल्या मेनची नवी पत्ती आणि प्लास्टिगेज नागपूरहून दुसऱ्या दिवशी आलं. प्लास्टिगेज म्हणजे मेणासारखी बारीक दोरी. ती मानेवर ठेवून कॅप कसायची, क्रँक अजिबात न फिरवता कॅप पुन्हा काढायची आणि दोरी किती चपटी झाली ते पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचं. कॅप सरळ बसवून मोजलं तर दोन ते अडीच थाउ. दोरीचा अंश पुसून, पत्तीला मोबिल लावून, बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत तीन टप्प्यांत कसले. मुलाने जुने दोन्ही ठिपके कानसने उडवले आणि कॅपवर व अंगावर, एकाच बाजूला, नवा आकडा ठोकला. पुन्हा कोणी वीस वर्षांनी उघडलं तर त्याला अडचण पडायची नाही.

खडूच्या बारा खुणा पुन्हा झाल्या. आता सगळ्यात जड जागी ९ आणि टोकाच्या दोन जागी ३ किलो.

चेंबर चढवलं, मोबिल भरलं. नोझल बाहेर असतानाच सेल्फने थोडं थोडं फिरवून मोबिलचा दाब मीटरवर येईपर्यंत थांबलो, म्हणजे पत्त्या कोरड्या राहणार नाहीत. मग नोझल बसवले, हवा काढली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. अम्मी खिडकीत होत्या. त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग धुरामुळे वाळत घातलेले कपडे काढा म्हणून ओरडल्या. भाईजाननी उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले, गॅरेजच्या मालकाकडे नव्हे तर मुलाच्या समोर मालकाच्या हातात. त्यातला फरक मालकाला कळला असावा.

निम्म्या बांध्यांची चिखलणी तोवर भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकली होती, उरलेली आमच्या ट्रॅक्टरने झाली. त्याला लगेच पूर्ण ओझं द्यायला मामूंनी मनाई केली होती. नव्या इंजिनाला तासन्‌तास नुसतं रिकामं चालू ठेवणंही वाईट. रिंगा बसत नाहीत आणि लायनरला चकाकी धरते. मध्यम ओझं, वेग थोडा बदलता, चढत्या तापमानावर नजर. पहिलं मोबिल आणि फिल्टर ५० तासांनी बदलायचा, काढलेलं मोबिल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात चमक दिसते का ते बघायचं. आजच्या तारखेला ४१ तास झाले आहेत. दोर मामूंच्या खुर्चीखालून दोरवाल्याने परत नेला.